४० खेळांची पेटी आणि बाद झालेला भिडू

‘घरातल्या घरात, लहानमोठ्यांनी मिळून खेळण्यासाठी ४० खेळ’ असे ठळक अक्षरांत छापलेली एक मोठी पेटी गेले चार महिने आमच्या घरात आहे. या काळात ती किमान तीस वेळा उघडली गेली असेल. कधी सात वर्षांची भाची आणि तिच्या मैत्रिणींसाठी, कधी दहा-बारा नातेवाईक एकत्र जमले म्हणून, तर कधी केवळ मला तिच्याविषयी लिहायचे होते म्हणून. बनवणाऱ्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. एक तर जवळपास याच वस्तू निरनिराळ्या नावांच्या पेट्यांतून मिळतात, आणि दुसरे म्हणजे पुढे ज्या तक्रारी येतील त्यांतल्या बऱ्याचशा या प्रकारच्या कोणत्याही पेटीला लागू पडतील असे मला वाटते.

पेटी उघडली की सर्वांत वर ३२ पानांची पुस्तिका असते. तिच्याखाली १२ फूट व्यासाचे सप्तरंगी पॅराशूट कापड, रंगीत ठिपक्यांची प्लॅस्टिकची चटई आणि तिच्यासोबतची फिरकी, ५४ लाकडी ठोकळे, आठ बीनबॅगा, फोमचा एक चेंडू, सहा रिंगा आणि त्या अडकवायचा खुंट, बारा झिरझिरीत रुमाल, जमिनीवर खूण म्हणून ठेवायच्या दहा चपट्या चकत्या, मूकाभिनयाच्या कार्डांचा गठ्ठा, एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि पंचवीस फुगे, असा सगळा ऐवज आहे. वस्तूंची निवड चांगली आहे, हे मी सुरुवातीलाच मान्य करते. ज्याने ती केली त्याने मुलांना खेळताना नीट पाहिलेले असावे. ज्याने पुस्तिका लिहिली त्याच्याबद्दल मात्र तसे म्हणवत नाही, आणि माझे मुख्य आक्षेप वस्तूंपेक्षा त्या पुस्तिकेवरच आहेत.

४० हा आकडा कसा जुळवला आहे ते पाहण्यासारखे आहे. खुंटात रिंग टाकणे हा एक खेळ. तीच रिंग एका पायावर उभे राहून टाकणे हा दुसरा, डाव्या हाताने टाकणे हा तिसरा आणि पाठमोरे होऊन टाकणे हा चौथा. असे पोटभेद वजा केले तर माझ्या मोजणीने १४ खेळ उरतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण १४ बरे खेळ म्हणजे थोडेथोडके नव्हेत. खरी अडचण अशी की या १४ पैकी सहा खेळांत चुकणारा भिडू बाद होतो आणि डाव संपेपर्यंत कडेला बसतो. मैदानावर कडेला बसलेले मूल निदान गवत उपटत बसते किंवा दुसऱ्याच कोणाशी तरी खेळू लागते. घरात कडेला बसणे म्हणजे सोफ्यावर बसणे, आणि सोफ्यावर बसलेल्या मुलाच्या हातात मोबाइल यायला अर्धे मिनिटही लागत नाही. पहिल्या दिवशी आमच्याकडे नेमके हेच झाले. पंधरा मिनिटांत आठ मुलांपैकी पाच सोफ्यावर होती, दोघे अजून खेळत होते आणि एक जण स्वयंपाकघरात जाऊन तक्रार करत होता.

म्हणून दुसऱ्या खेपेपासून मी एक साधे मोजमाप सुरू केले. प्रत्येक डावात कोणत्याही एका मुलावर लक्ष ठेवायचे आणि ते प्रत्यक्ष धावत, वाकत, फेकत किंवा पकडत असेल तेवढाच वेळ स्टॉपवॉचवर धरायचा. ही काही शास्त्रीय पद्धत नव्हे, पण घरातल्या सामूहिक खेळाचे परीक्षण करायला मला तरी याहून नेमकी कसोटी सापडली नाही. या परीक्षणात मी खेळांना जे बरेवाईट म्हटले आहे ते मुख्यतः याच आधारावर.

संगीतखुर्चीचेच पाहा. आठ भिडू आणि सात खुर्च्या घेऊन सुरुवात केली तर सात फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत आठ जण खेळतात, दुसरीत सात, असे करत शेवटच्या फेरीत दोन. ही बेरीज ३५ होते. सगळे भिडू सगळ्या फेऱ्या खेळले असते तर ती ५६ झाली असती. म्हणजे २१ वेळा कोणी ना कोणी नुसते बसून होते, आणि त्यातही जो सर्वांत लहान किंवा सर्वांत गोंधळलेला, तोच बहुधा पहिल्या फेरीत बाद होऊन उरलेल्या सहाही फेऱ्या बसून काढतो. ज्याला खेळण्याची सर्वाधिक गरज, त्यालाच सर्वांत कमी खेळायला मिळते. पुस्तिकेत हा खेळ पहिल्या पानावर आहे आणि नियमांत यावर काहीही उपाय नाही.

मराठीत अशा भिडूसाठी लिंबूटिंबू हा छान शब्द आहे. त्याने सगळ्यांबरोबर खेळायचे, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो बादही होत नाही. ही सोय मी भाचीला देऊ केली, तेव्हा तिने कमरेवर हात ठेवून मला सांगितले, “मावशी, मी काही लिंबूटिंबू नाहीये.” तिचे बरोबर होते. एकाला सवलत दिली की ती त्याला खुपते. सवलत सगळ्यांनाच असली तर ती खेळाचा नियम होते. त्यामुळे आम्ही भिडू बाद करणे सोडून खुर्च्याच बाद करू लागलो. प्रत्येक फेरीत एक खुर्ची उचलायची, भिडू मात्र सगळे आत, आणि संगीत थांबताच उरलेल्या जागेत आठही जणांनी कसेही करून मावायचे. खुर्च्यांवर चढाचढ होऊन कोणी पडू नये म्हणून आम्ही खुर्च्यांऐवजी जमिनीवर वर्तमानपत्राचे कागद पसरले आणि किमान एक पाऊल कागदावर असले पाहिजे एवढीच अट ठेवली. शेवटच्या कागदावर एका पायाने उभे राहून एकमेकांचे खांदे धरलेली आठ माणसे, त्यांत माझे मेहुणे आणि एक पाच वर्षांचा मुलगा, हे दृश्य पुस्तिकेतल्या कोणत्याही चित्रापेक्षा बोलके होते. स्टॉपवॉचवर या डावात सर्वांचा वेळ सारखाच भरला.

रिलेच्या खेळांचे दुखणे थोडे वेगळे आहे. पुस्तिकेप्रमाणे आठ मुलांच्या दोन रांगा केल्या तर रांगेतील चौघांपैकी एक जण धावतो आणि तिघे आपली पाळी यायची वाट पाहतात. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाव वेळ येतो. दोघा-दोघांच्या चार रांगा केल्या की तोच खेळ, त्याच वस्तू आणि तेवढीच जागा वापरून हा वाटा दुप्पट होतो. एवढी साधी गोष्ट पुस्तिकेत एका ओळीत लिहिता आली असती.

आता पॅराशूट कापडाविषयी, कारण संपूर्ण पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. पातळ नायलॉनचे पाचरीच्या आकाराचे रंगीत तुकडे मधोमध जोडलेले आणि कडेला शिवलेल्या बारा मुठी. प्रत्येकाने एक मूठ धरायची, एक-दोन-तीन म्हणत सगळ्यांनी एकाच वेळी हात डोक्यावर न्यायचे, की कापडाखाली हवा कोंडते आणि खोलीच्या मधोमध एक मोठा घुमट उभा राहतो. तो खाली बसायला लागायच्या आत सगळ्यांनी एक पाऊल पुढे टाकून कड पाठीमागून खाली ओढायची आणि तिच्यावर बसायचे. हवा निसटायला वाट न राहिल्याने घुमट काही क्षण तसाच टिकतो आणि आत बारा माणसे लाल-पिवळ्या उजेडात एकमेकांची तोंडे पाहत बसतात. पहिल्यांदा हे जमले तेव्हा आतल्या सगळ्यांनी, मोठ्यांनीसुद्धा, आवाज एकदम खाली आणला. का, ते मला सांगता येणार नाही, पण त्यानंतर दर वेळी तसेच झाले.

कापडाचा दुसरा खेळ चेंडूचा. फोमचा चेंडू कडेवर ठेवून तो गोलाकार फिरवत न्यायचा. चेंडू आपल्याकडे येतो आहे असे दिसले की आपली कड खाली करायची आणि तो पुढे सरकताच उचलायची. एखाद्याने जरा लवकर उचलली की चेंडू मधल्या खळग्यात घरंगळतो आणि पुन्हा सुरुवात. यात जिंकणारा-हरणारा कोणी नाही, बाद होणे नाही, आणि कोणाची चूक झाली ते नेमके कळत नसल्यामुळे रुसवेफुगवेही नाहीत. माझी आई ६८ वर्षांची आहे आणि तिचे गुडघे दुखतात; तिने खुर्चीवर बसून एक मूठ धरली आणि तिच्या बाजूने चेंडू एकदाही पडला नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ १९७३ साली भरलेल्या मेळाव्यातून ‘न्यू गेम्स’ ही चळवळ पुढे आली आणि हरवण्यापेक्षा मिळून खेळण्यावर तिने भर दिला. पॅराशूट हे तिचे एक आवडते साधन होते. अर्धशतक उलटल्यावरही ते का टिकून आहे, हे एकदा घुमटात बसले की कळते.

कापडाचा दोष एकच, पण तो मोठा आहे. १२ फूट व्यासाच्या कापडाभोवती माणसे उभी राहायची तर खोली दोन्ही बाजूंनी साधारण १६ फूट हवी, आणि ज्या घरात सामान आहे अशा घरात तेवढी मोकळी जागा क्वचितच असते. पेटीवर याचा कोठेही उल्लेख नाही. आम्ही यावर काढलेला तोडगा असा, की सगळ्यांनी आपापल्या समोरची कड दोन-तीन वेळा आतल्या बाजूला गुंडाळून घ्यायची आणि मुठींऐवजी ती गुंडाळीच धरायची. व्यास नऊ-दहा फुटांवर येतो आणि पकडही अधिक घट्ट बसते. मात्र घुमट उभारण्यापूर्वी छताचा पंखा बंद केला आहे ना, हे एका मोठ्या माणसाने स्वतः पाहिलेच पाहिजे. ही सूचनाही पुस्तिकेत नाही, आणि घरात खेळायच्या पेटीत ती नसणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

ठिपक्यांच्या चटईला इतिहास आहे. माणसांनाच सोंगट्या करून चटईवर खेळवायची कल्पना अमेरिकेतील रेन गायर यांची. चार्ल्स फोली आणि नील रेबेन्स यांनी तिला खेळाचे रूप दिले, आणि मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९६६ साली तो ट्विस्टर या नावाने बाजारात आणला. दुकानदार सुरुवातीला फारसे उत्सुक नव्हते. त्याच वर्षी ३ मे रोजी जॉनी कार्सन यांनी दूरचित्रवाणीवरील आपल्या कार्यक्रमात अभिनेत्री इव्हा गॅबोर यांच्यासोबत तो खेळून दाखवला आणि खेळाचे नशीब पालटले. आमच्या पेटीतील चटई त्याच घराण्यातली आहे: चार रंग, प्रत्येकी सहा ठिपके, आणि फिरकीवर दोन हात व दोन पाय यांच्या चार रंगांशी होणाऱ्या १६ जोड्या.

खेळ रंगतो, यात शंका नाही. चटई मात्र पातळ आहे आणि गुळगुळीत फरशीवर ती माणसासकट सरकते. चारही कोपऱ्यांना रुंद चिकटपट्टी लावून आणि मोजे काढायला लावूनच आम्ही ती वापरतो. घडीच्या वळ्या पहिल्या महिनाभर गेल्याच नाहीत. नंतर ती घडी न घालता गुंडाळून ठेवू लागलो तेव्हा सपाट झाली. आणखी एक गोष्ट मोठ्यांच्या बाबतीत लिहून ठेवायला हवी. एकमेकांच्या इतक्या जवळ, वेड्यावाकड्या अवस्थेत येणे प्रत्येकाला रुचत नाही, आणि दहा जणांसमोर तसे म्हणायला माणूस लाजतो. म्हणून आमच्याकडे फिरकी फिरवायचे काम हे मानाचे काम ठरवले आहे. ज्याला चटईवर जायचे नसेल तो कारण न देता ते मागून घेऊ शकतो. या खेळात पडणारा बाद होतोच, पण चटईवर मुळात चौघेच मावतात आणि डाव तीन-चार मिनिटांत आटोपतो, त्यामुळे तो माफ.

फोमच्या चेंडूचा जन्मही त्याच गायर यांच्याकडे जातो, हे मला या निमित्ताने नव्याने जाणवले. घरात कशालाही न फोडता फेकता येईल असा चेंडू म्हणून त्यांचा चार इंची फोमचा गोळा पार्कर ब्रदर्स कंपनीने १९७० मध्ये नर्फ या नावाने आणला. पेटीतला चेंडू त्याहून मोठा, सुमारे सहा इंचांचा आणि चांगल्या प्रतीचा आहे. चार महिन्यांत त्याने एकही वस्तू फोडलेली नाही. टेबलावरचा पाण्याने भरलेला पेला तेवढा दोनदा उलटवला आहे. त्याच्या पृष्ठभागाचे बारीक तुकडे निघू लागले आहेत, आणि हाताला येईल ते तोंडात घालणारे बाळ घरात असेल तर ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

बीनबॅगांची कथा त्याहून वाईट. तिसऱ्या आठवड्यात एका बॅगेची शिवण उसवली आणि आतले प्लॅस्टिकचे दाणे खोलीभर पसरले. ते बारीक गोल दाणे पायाखाली आले की माणूस घसरतो. आम्ही दोघी केरसुणी आणि ओला फडका घेऊन तासभर ते गोळा करत होतो, आणि नंतरही आठवडाभर कपाटाखालून एखाददुसरा निघत राहिला. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील सुटे भाग गिळण्याइतके लहान आहेत का, हे तपासण्यासाठी अमेरिकेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जो भाग पूर्णपणे मावतो तो धोकादायक धरला जातो. ज्वारीएवढ्या या दाण्यांसाठी नळीची गरजच नाही. उरलेल्या सातही बॅगा मी हातशिलाईने दुहेरी टाके घालून पक्क्या केल्या. त्यानंतर त्यांनी उत्तम काम दिले, पण हे काम माझे नव्हते.

बीनबॅगांचा आम्हाला सर्वांत आवडलेला खेळ पुस्तिकेत नाही. चारही कोपऱ्यांत एकेक टोपली ठेवायची, बॅगा मधोमध. प्रत्येक जोडीचा एक कोपरा. एका वेळी एकच बॅग उचलायची, फेकायची नाही, आपल्या टोपलीत नेऊन ठेवायची. मधल्या संपल्या की दुसऱ्यांच्या टोपल्यांतून उचलायला मोकळीक, पण कोणी कोणाला अडवायचे नाही. दीड मिनिटाने थांबायचे आणि मोजायचे. एका दीड मिनिटात पस्तिशीतली माणसेसुद्धा धापा टाकू लागतात.

झिरझिरीत रुमाल हे या पेटीतले दुसरे रत्न. चेंडू वर फेकला की तो खाली यायला लागणारा वेळ लहान मुलाला पुरत नाही. रुमाल मात्र हवेचा अडथळा घेत इतका संथ उतरतो की मुलाला त्याच्याकडे पाहायला, ठरवायला आणि हात पुढे करायला सवड मिळते. तीन रुमाल आळीपाळीने फेकत-झेलत राहण्याची हातचलाखी शिकायची तर सुरुवात रुमालांनीच करतात, ती याच कारणाने. मला ती एका संध्याकाळी जमली, भाचीला दोन संध्याकाळी लागल्या, आणि मेहुण्यांना अजून जमलेली नाही. गोलात उभे राहून सर्वांनी एकाच वेळी आपापला रुमाल वर फेकायचा आणि एक पाऊल उजवीकडे सरकून शेजाऱ्याचा झेलायचा, हा खेळ बारा जणांत खेळून पाहावा. आठ-दहा फेऱ्या सलग एकही न पाडता झाल्या तर तो दिवस भाग्याचा.

फुग्यांचे गणितही तेच: आकार मोठा, वजन नाममात्र, त्यामुळे फुगा हळू येतो आणि सहा वर्षांचा भिडू व साठ वर्षांचा भिडू यांच्यातले अंतर जवळजवळ पुसले जाते. खोलीच्या मधोमध दोरी बांधून, सगळ्यांनी जमिनीवर मांडी घालून बसून फुग्याचा व्हॉलीबॉल खेळलो तेव्हा आईच्या संघाने आम्हाला दोनदा हरवले. मात्र पंचवीस फुग्यांसोबत जी सूचना मोठ्या अक्षरांत हवी ती पिशवीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आहे. न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकून मुलाचा श्वास कोंडू शकतो. आठ वर्षांखालील मुलांबाबत हा इशारा अमेरिकेत फुग्यांच्या वेष्टनावर छापावाच लागतो. फुगे मोठ्यांनीच फुगवावेत आणि फुटला की तुकडे लगेच उचलावेत. आलेल्या पाहुण्यांपैकी कोणाला लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे का, हेही आधी विचारून घ्यावे.

रिंगा फार हलक्या आहेत आणि खुंटावर आदळून उडतात. चपट्या चकत्यांवर पाऊल पडले की त्या सरकतात. आम्ही त्या वापरणे थांबवले.

५४ ठोकळ्यांचा मनोरा हा काही धावपळीचा खेळ नव्हे. लेस्ली स्कॉट यांनी १९८३ साली लंडनच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात जेंगा या नावाने तो मांडला. हे नाव स्वाहिली भाषेतील ‘बांधणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आले आहे. तिघे-तिघे ठोकळे आडवे-उभे रचून १८ थर करायचे, खालचा एक एका हाताने काढायचा आणि वर ठेवायचा. दम खायला हा खेळ फार उपयोगी. पेटीतल्या ठोकळ्यांना मात्र नीट घासलेले नाही. एकाचे कुसळ भाचीच्या बोटात गेले, मग मी सगळे ठोकळे पॉलिश पेपरने घासले. हालचाल हवी असेल तर याच ठोकळ्यांचा एक वेगळा डाव मांडता येतो. ठोकळे खोलीच्या एका टोकाला, बांधकाम दुसऱ्या टोकाला, आणि प्रत्येकाने एकेक ठोकळा नेऊन मनोरा वाढवायचा. मनोरा जसजसा उंच होतो तसतशी धावणाऱ्यांची पावले आपोआप मंदावतात, कारण लाकडी जमीन असेल तर ती हादरते, आणि शेवटी सगळे चवड्यांवर चालू लागतात. खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही हा शेवट मानवतो.

मूकाभिनय, म्हणजे मुले ज्याला सर्रास दमशेराज म्हणतात तो, मोठ्यांना हमखास खेचून आणणारा खेळ आहे. कार्डांवर फक्त शब्द आहेत, चित्रे नाहीत, त्यामुळे वाचता न येणाऱ्या मुलाच्या कानात कोणीतरी शब्द सांगावा लागतो आणि तो कुजबुजता कुजबुजता सगळ्यांना ऐकू जातो. कार्डे इतकी पातळ आहेत की दिव्यासमोर धरली की मागून अक्षरे दिसतात. हा शोध अर्थातच मुलांनी लावला. शब्दांची निवडही विषम आहे. ‘माकड’ आणि ‘विश्वास’ हे दोन शब्द एकाच गठ्ठ्यात, एकाच गुणांसाठी आहेत. तरीही आईने दोन्ही हात सावकाश खाली आणत ‘रेल्वे फाटक’ करून दाखवले आणि भाचीने आत्मविश्वासाने ‘आजी झोपली’ असे उत्तर दिले, त्या संध्याकाळची किंमत या सगळ्या उणिवांपेक्षा जास्त आहे.

झाकणावर मुलांच्या रोजच्या व्यायामाची चिंता मिटेल असा दावा आहे, त्याबद्दल दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयोगटातील मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल करावी, आणि प्रौढांनी आठवड्याला मध्यम स्वरूपाची १५० ते ३०० मिनिटे. पुस्तिकेतील नियम जसेच्या तसे पाळून आम्ही एक तास खेळलो तेव्हा भाचीच्या नावावर १९ मिनिटे जमा झाली. आम्ही बदललेल्या नियमांनी खेळलेल्या तासात ती ३७ झाली, आणि तीही सगळी जोरदार होती असे मी म्हणणार नाही. पेटी तीच, मूल तेच, खोली तीच. पावसाळी संध्याकाळी ही पेटी मदतीला येते. मैदानाची जागा ती घेत नाही.

ज्यांच्याकडे सहा ते बारा माणसे वरचेवर जमतात, सामान हलवून निदान १२ फुटांचा चौक मोकळा करता येतो आणि नियमांत फेरफार करण्याची तयारी आहे, त्यांनी ही किंवा अशी पेटी घ्यायला माझी हरकत नाही. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर घेऊ नये. दोन-तीनच माणसांच्या घरात तिचा बराचसा भाग पडून राहील. त्यांनी रुमाल, फुगे आणि एक फोमचा चेंडू वेगळे आणले तरी पुरे.

वाळूचे घड्याळ राहिले. एका मिनिटाचे म्हणून दिलेले हे घड्याळ ५२ सेकंदांतच रिकामे होते, हे मी सहा वेळा मोजून पाहिले आणि बीनबॅगेच्या तक्रारीसोबत कंपनीला कळवले. उत्तर पंधरा दिवसांनी आले. बीनबॅगेबद्दल त्यात अवाक्षर नव्हते, पण सोबत नवे घड्याळ होते. ते ६७ सेकंद घेते. भाचीने दोन्ही शेजारी शेजारी उलटी करून पाहिली आणि निकाल दिला, की मूकाभिनयाला ५२ सेकंदांचे घड्याळ मोठ्यांसाठी आणि ६७ चे लहानांसाठी वापरायचे. सध्या आमच्याकडे हाच नियम चालू आहे, आणि आईने आपण कोणत्या घड्याळात मोडतो हे अजून सांगितलेले नाही.